अक्कांचं अहो-जाहो

या बाईंविषयी लिहिताना मी 'त्या आल्या, त्या म्हणाल्या' असंच लिहिणार आहे. त्यांना ते आवडलं नसतं. 'त्या म्हणायला तुझं माझं भांडण झालंय काय रे?' असं त्यांनी विचारलं असतं. पण मी माझ्या सवयीनं लिहिणार. दुसऱ्याच्या सवयी उचलणं मला जमत नाही, आणि त्यांच्या तर नकोच आहेत.

सगळे त्यांना अक्का म्हणत. बंगळूरमध्ये मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, भाजीवालीलाही म्हणतात, तेव्हा नावात तसं विशेष काही नव्हतं. जे. पी. नगरमधल्या एका कन्नड शाळेचा हॉल आम्हा मराठी मंडळींना रविवारी सकाळी वापरायला मिळायचा. तिथे मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा आणि अक्का तिथे शिकवायच्या. मीही शिकवायचो. खरं तर मी आधीपासून शिकवत होतो, त्या नंतर आल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लोक उलटं सांगायला लागले.

माझी ओळख आधीच देऊन टाकतो. मी बार्शीजवळच्या एका खेड्यातला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मराठी घेऊन एम. ए. केलं, वर बी. एड. केंद्र सरकारच्या एका कचेरीत हिंदी अनुवादक म्हणून लागलो आणि नव्वद साल उलटल्यावर बंगळूरला बदलून आलो. पदवी मी बाहेरच्या खोलीत चौकट करून लावली आहे. आमच्या मंडळातल्या पुण्याकडच्या लोकांना त्याचं हसू यायचं. त्यांच्या घरात पदव्या कपाटात असतात, कारण त्या चार-चार असतात. आमच्याकडे एक होती, ती आम्ही लावली.

अक्का इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्याची नोकरी करून निवृत्त झालेल्या. लुनावरून यायच्या. केसांत अबोलीचा गजरा आणि डोळ्यांवर काळा चष्मा, जो त्या वर्गातही काढत नसत. माझं मत असं, की आपण कोणाकडे बघतोय ते मुलांना कळू नये म्हणून. मुलांचं मत असं, की अक्का झोपते. दोन्ही खरं असावं.

गर्व म्हणाल तर माझ्यापेक्षा जास्त. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "काय रे मास्तर, खडू आहे काय तुझ्याकडं?"

मी खडू दिला.

"कधी आलास इकडं?"

"दोन वर्षं होतील."

"आमच्या पणज्याचा पणजा घोड्यावरनं आला इथं. तू रेल्वेनं आलास की नाही? कुठल्या गाडीनं?"

मी खरंच गाडीचं नाव सांगितलं. भोवतीची मंडळी हसली. मला दुपारी जेवण गेलं नाही, पण ते घोड्यामुळे नव्हे. 'काय रे'मुळे.

हे शहरातल्या वाचकाला पटकन कळणार नाही म्हणून सांगतो. माझ्या वडिलांना गावातलं शेंबडं पोरसुद्धा अरे-तुरे करायचं. साठी उलटली तरी वाड्यावरच्या लोकांना ते 'ए, जरा इकडं ये'च होते. मी कॉलेजात गेलो, तेव्हा तिथला कारकून खिडकीतून म्हणाला, "अहो, तुमचा फोटो राहिला." मी मागे वळून बघितलं, कोण उभं आहे ते. मागे कुणी नव्हतं. तेव्हापासून 'अहो' हा शब्द मी जपून वापरतो आणि लोकांनीही जपून वापरावा अशी माझी अपेक्षा असते. माझी मुलगी स्वाती बोलायला लागल्यापासून मला 'बाबा, तुम्ही' म्हणते. तसंच शिकवलं.

तर वर्गाकडे येतो. हॉलच्या मधोमध लाकडी घडीची भिंत होती. ज्यांना वाचता येतं ती मुलं अलीकडे, माझ्याकडे. ज्यांना येत नाही ती पलीकडे, अक्कांकडे. हा नियम मीच केलेला. मुलं सगळी सारखीच होती. घरात अर्धं इंग्रजी, खाली खेळताना कन्नड, टीव्हीमुळे हिंदी, आणि रविवारी सकाळी झोपेतून ओढून मराठीला आणलेली. ती दंगा करणार नाहीत तर काय करतील? व्याकरण-बिकरण राहू दे, दंगा आवरायचा कसा हाच आमचा मुख्य विषय होता.

बी. एड.ला शिकवलेलं सगळं मी करून पाहिलं. पाठ टाचण काढलं, बसायच्या जागा बदलल्या, सगळ्यात दंगेखोर मुलाला वर्गप्रमुख केलं. त्यानं बाकीच्यांनाही दंगा शिकवला. शेवटी माझ्या गुरुजींनी आम्हाला जे केलं तेच हाताशी उरलं. हाताची घडी, तोंडावर बोट. मुलं गप्प बसायची. मला त्या शांततेचं समाधान वाटायचं. एकदा भिंतीच्या फटीतून काळा चष्मा डोकावला.

"तोंडावर बोट ठेवून मराठी कुठनं येणार रे मास्तर? नाकातनं?"

त्या दिवशी हजेरीला माझ्या सगळ्या मुलांनी नाकातून 'हजर' म्हटलं.

त्यांच्याकडे मात्र गप्प बसलेल्या मुलाला आजारी समजायचे. कपाळाला हात लावून बघायच्या. उशिरा आलेल्या मुलाला कारण सांगावं लागायचं, पण खरं कारण चालायचं नाही. "खरं नको. खरं सगळ्यांचं एकच असतंय, उठलो नाही." मग ते पोर तोडक्यामोडक्या मराठीत काहीतरी रचायचं, आणि जिथे शब्द अडेल तिथे बाकीचे पुरवायचे. रोहन नावाचा एक वांड मुलगा होता, त्यानं गाईनं बूट गिळल्याची हकीकत सांगितली. बूट गाईच्या पोटात गेल्यावर गाय लंगडायला लागली, इथपर्यंत ती हकीकत गेली. मी पलीकडे विभक्ती प्रत्यय शिकवत होतो. माझी मुलं भिंतीकडे कान करून बसलेली, आणि खोटं कशाला बोलू, मीही. मग मुलं मुद्दाम उशिरा यायला लागली. माझी मात्र वेळेवर यायची, आणि वेळेवर जायची.

आता त्यांच्या शिक्षेचं. अक्का सगळ्यांना अरे-अगं करायच्या आणि मुलांनीही त्यांना 'अक्का, तू' म्हणायचं, अशी सक्तीच होती. दंगा वाढला की त्यांचा आवाज चढत नसे. उलट ट्रंक कॉलवरच्या बाईसारखा गोड व्हायचा.

"रोहन, तुम्ही बसता काय?"

वर्ग एकदम थंड.

"अक्का, मी काय केलं? तू मला तुम्ही का म्हणतेस?"

"तुम्ही मोठी माणसं. तुम्हाला मी काय सांगणार?"

"मी नाही मोठा. सॉरी."

"राँग नंबर."

"चुकलो, अक्का."

"मग बस की गप. स्वल्प सरक तिकडं, तिला जागा दे."

'स्वल्प' म्हणजे कन्नडमध्ये थोडंसं. तो थोडासा सरकायचा आणि त्याच्या तोंडावर असा आनंद असायचा, की जणू त्याला घरात परत घेतलंय.

'तुम्ही'च्या वर 'आपण' होतं. ते क्वचित निघायचं. "आपण बाहेर उभं राहावं," असं एका मुलीला त्या म्हणाल्या, तेव्हा ती रडत म्हणाली, "अक्का, तू मला मार, पण आपण म्हणू नको." हे मी भिंतीपलीकडून ऐकलं.

मी काही दगड नाही. मीही करून बघितलं. माझ्या वर्गात निखिल म्हणून एक मुलगा खडूचे तुकडे फेकत होता. मी आवाज गोड करून म्हणालो, "निखिल, तुम्ही शांत बसा."

तो म्हणाला, "ओके सर," आणि पुढचा तुकडा फेकला. त्याची आई पुढच्या रविवारी भेटून म्हणाली, "सर, तुम्ही मुलांना किती रिस्पेक्ट देता हो." तोडायला आधी काहीतरी जोडलेलं असावं लागतं, हे मला तेव्हाच कळलं. कळल्यामुळे राग कमी होतो असं म्हणतात. माझा वाढला.

आणि मग स्वाती. ती नऊ वर्षांची होती आणि मराठी वर्तमानपत्राचे मथळे घडाघडा वाचायची. म्हणून माझ्या बाजूला बसायची. एका रविवारी तिनं 'कमळ'चं 'कमल' वाचलं. मी दुरुस्त केलं. पुढच्या रविवारी 'बाळ'चं 'बाल' झालं. त्यानंतर ती 'घर'ला 'धर' म्हणाली आणि तिथेच अडकली. जिला मी मांडीवर बसवून बाराखडी शिकवली होती, ती माझी मुलगी सगळ्यांसमोर 'घ'ला अडली. मला वाटलं, डोळे गेले. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. बाहेर आलो तर समोरच्या दुकानांच्या कन्नड, इंग्रजी पाट्या तिनं लांबूनच वाचून दाखवल्या आणि म्हणाली, "बाबा, पण मला मराठी वाचता येत नाही ना. मग मी अक्काकडे बसू?"

नियम माझाच होता. बसवलं.

मग साथ आली. एकेक जण अक्षरं विसरायला लागला. निखिलला जोडाक्षरं दिसेनात. दोघी बहिणींची एकाच आठवड्यात बाराखडी गेली. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर, पुण्याचे, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अहो सर, एक विचारू का? तुमच्याकडे शिकून मुलं वाचायचं विसरतायत, असं कसं?"

त्याच सुमारास शाळेनं कळवलं, की अर्धा हॉल त्यांना लागणार आहे. म्हणजे यापुढे वर्ग एकच आणि शिकवणारा एकच. कोण, ते संक्रांतीनंतर ठरवू असं अध्यक्ष म्हणाले.

मला तो वर्ग हवा होता. स्पष्ट सांगतो, फार हवा होता. मराठीचा एम. ए. माणूस आठवडाभर कचेरीत परिपत्रकांचं हिंदी करायचा. जे शिकण्यासाठी बापानं गावाची बोलणी खाल्ली, ते तोंडातून बाहेर पडायची माझी जागा म्हणजे तो रविवार. अक्कांचा तो गेला असता तरी त्यांचा गजरा, घोडा, लुना सगळं शाबूत होतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पण मुलांना विचारलं असतं तर ती कुणाचं नाव घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

संक्रांतीचा समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. पुण्याहून मुलीकडे राहायला आलेले एक वयस्कर प्राध्यापक पाहुणे म्हणून बोलावले होते. भाषण छान झालं त्यांचं. मुलांना त्यांनी दोन-तीन गमतीही सांगितल्या. मग मुलांनी वाट्या घेऊन तिळगूळ द्यायला रांग लावली. सगळ्यात पुढे रोहन. त्याला म्हातारा आवडला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो वाटी पुढे करून मनापासून म्हणाला, "तिळगूळ घे, गोड बोल."

पाहुण्यांचा हात वाटीवरच थांबला.

रोहनच्या मागची मुलगी म्हणाली, "घे, गोड बोल." तिच्या मागचा तेच. रांगच्या रांग तेच म्हणत गेली. अध्यक्षांना 'घे'. अध्यक्षांच्या सासूबाईंना 'घे गं'. पाहुणे म्हणाले, "असू द्या, लहान आहेत," पण त्यांचा चेहरा असू द्या म्हणत नव्हता. आया एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्का कोपऱ्यात काळ्या चष्म्यामागे बसलेल्या, हसत होत्या की झोपल्या होत्या कळेना.

मला सगळं कळलं होतं. ही पोरं उद्धट नव्हती. त्यांनी व्याकरण चोख उचललं होतं, फक्त उलटं. माणूस आवडला की तू, रुसलो की तुम्ही.

मग रोहन माझ्यापुढे आला. पाय जुळवून ताठ उभा राहिला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला, सर."

हॉलमधल्या लोकांना हायसं वाटलं. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "बघा, सरांना कसं व्यवस्थित म्हणाला." त्याच्या मागची मुलंही तसंच म्हणाली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शुद्ध मराठीत तिळगूळ मला एकट्याला मिळाला.

रांगेत स्वातीही होती. आत्ताच तिनं त्या पुण्याच्या म्हाताऱ्याला 'घे' म्हटलेलं मी ऐकलं होतं, ओळख अर्ध्या तासाचीही नव्हती. माझ्यापुढे येऊन तिनं वाटी धरली आणि म्हणाली, "बाबा, घ्या."

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर अध्यक्षांनी बैठक घेतली. आम्ही मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसलो होतो.

"अक्का, पाहुण्यांना मुलांनी अरे-तुरे केलं. मंडळाची काय शोभा राहिली?"

"लाडानं म्हटलं की पोरांनी. तू देवाला काय म्हणतोस? देवा, तुम्ही धावा, म्हणतोस काय?"

देवाला तू, आईला तू. मराठीत हे कोणालाही खोडता यायचं नाही. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही बी. एड. आहात. तुम्हीच सांगा."

मी बोललो. तयारी केली नव्हती, पण कदाचित बार्शीपासून केलेलीच होती.

"अक्का, देवाला तू म्हणतात तसं माझ्या वडिलांनाही म्हणायचे. शब्द तोच. एकात माया आहे आणि एकात लाथ, हे ही मुलं कशावरून ओळखणार? तुमच्या घराला अहो घोड्यावर बसूनच मिळालं, म्हणून ते तुम्हाला चेष्टेत वापरता येतं. आमच्या घरात ते पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं. ते तुम्ही मुलांना शिक्षा म्हणून देता. हे मला चालणार नाही."

अक्कांनी चष्मा काढला. इतक्या दिवसांत त्यांचे डोळे मी पहिल्यांदा बघत होतो. साधेच होते, थोडे थकलेले.

"आपण बरोबर बोललात," त्या म्हणाल्या.

अगदी पुस्तकी मराठीत. ना 'की', ना 'काय रे'. माझी पाठ आपोआप ताठ झाली. पहिल्या दिवसापासून मला हेच हवं होतं. आणि मग तो शब्द कोणता होता, ते माझ्या लक्षात आलं.

अध्यक्ष खूश झाले. "वा, अक्का, किती समजूतदारपणा." बाकीचेही माना हलवत होते. अक्कांनी पिशवी उचलली, चष्मा चढवला, आणि बाहेर लुना सुरू झाल्याचा आवाज आला. त्या पुन्हा वर्गावर आल्या नाहीत. कोणी त्यांना काढलं नव्हतं.

वर्ग मला मिळाला. एका आठवड्यात अक्षरं विसरलेल्या सगळ्या मुलांना वाचता यायला लागलं. निखिलला जोडाक्षरं दिसू लागली, स्वातीचा 'ळ' परत आला. दंगा नाही, खडूफेक नाही, कोणी उशिरा नाही. "सर, तुम्ही फळा पुसायला सांगितलात ना?" "सर, तुम्ही म्हणाल तसं." पाहुणे आले की वर्ग दाखवायला अध्यक्ष आवर्जून आणायचे. मी पुढे बरीच वर्षं शिकवलं आणि चांगलं शिकवलं. त्या बैठकीत मी बोललो ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

स्वातीची दहावी झाली त्या सुट्टीत मी तिला घेऊन चिकपेटला गेलो होतो, तिच्या मावशीच्या लग्नासाठी कापड घ्यायला. एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर अक्का मालकाशी कन्नडमध्ये भांडत होत्या. गजरा तोच. भांडण अर्ध्यावर सोडून त्या ओरडल्या.

"अगं ए स्वाते. केवढी ताडमाड झालीस गं. आणि वाळलीस किती. खातीस की नाही?"

"खाते गं."

"आणि ही काय वेणी आहे? कोणी घातली? फिर तिकडं."

भर रस्त्यात, हमाल गठ्ठे घेऊन जातायत, माणसं खांद्याला खांदा घासतायत, आणि अक्का तिची वेणी सोडून पुन्हा घालायला लागल्या. स्वाती त्या वयात आईला केसांना हात लावू देत नव्हती. इथे मान खाली घालून उभी राहिली.

"अक्का, तू अजून लुना चालवतेस?"

"चालवतेय की. तू बसतीस काय मागं? हलू नको. अय्यो, स्वल्प हलू नको म्हटलं की नाही?"

मी बाजूला पिशवी धरून उभा होतो. शेवटची गाठ मारल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"आपण बरे आहात ना?"

"बरा आहे."

"वर्ग चालू आहे ना आपला?"

"चालू आहे."

"छान." आणि त्या पुन्हा मालकाकडे वळल्या.

वर्षानुवर्षं मला अक्कांचा हेवा वाटत होता, मुलं त्यांची होती म्हणून. त्या पायरीजवळ उभं असताना पहिल्यांदा मला माझ्या मुलीचा हेवा वाटला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, आणि मला वाटत होतं, या बाईनं आपल्याला भर बाजारात 'काय रे मास्तर' म्हणून झापावं.

बसमध्ये स्वाती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "बाबा, अक्का तुम्हाला आपण म्हणते. अजून रागावलीय की मान देते?"

"मान देतात त्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, मोठ्या माणसांचं कळतं. तिनं मान डोलावली आणि बाहेर बघायला लागली. तिच्याही 'तुम्ही'बद्दल एक प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. तो मी विचारला नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि घट्ट, चकचकीत घातलेली ती वेणी माझ्या बाजूला होती. आमचा स्टॉप येईपर्यंत मी तिच्याकडे बघत बसलो.